जुनी मासेमारी नौका सरकारी योजनेतून मोडीत काढताना : अर्जापासून अखेरच्या दाखल्यापर्यंत

लाकडी मासेमारी नौका यांत्रिक पंजाखाली एका दिवसात मोडून पडते; तिच्या मागची कागदपत्रे, मोजमापे, तपासण्या आणि देणी निस्तरायला मात्र कित्येक महिने जातात. नौकामालकाचे नुकसान होते ते बहुतेक वेळा मोडण्याच्या दिवसाआधीच, एखादी गोष्ट चुकीच्या क्रमाने केल्यामुळे : कोणी मंजुरीपत्र येण्याआधी इंजिन विकून टाकतो, कोणी विमा बंद करतो, तर कोणी सहमालकाची सही राहिली म्हणून शेवटच्या तारखेला अडकून पडतो. म्हणून हा लेख कामाच्या क्रमाने लिहिला आहे. देशादेशांतील योजनांचे तपशील वेगळे असले, तरी त्यांच्या मुळाशी असलेला विचार एकच आहे, आणि तो समजला की पुढचा प्रत्येक नियम का आहे हे आपोआप उलगडते.

योजना नेमके कशाचे पैसे देते

मासे कमी आणि ते पकडणाऱ्या नौका जास्त, अशी स्थिती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक समुद्रांत आली. कॅनडाने २ जुलै १९९२ रोजी न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरील उत्तरेकडच्या कॉड माशाची मासेमारी बंद केली, तेव्हा ही गोष्ट साऱ्या जगाच्या लक्षात आली. युरोपीय देशांनी १९८३ पासून २००२ पर्यंत ताफा कमी करण्याचे बहुवार्षिक कार्यक्रम राबवले, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९९ मध्ये मासेमारी क्षमतेच्या व्यवस्थापनासाठी आंतरराष्ट्रीय कृतियोजना स्वीकारली, आणि चीनने २००३ ते २०१० या काळात आपल्या सागरी ताफ्यातून सुमारे ३० हजार यांत्रिक नौका कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले.

या सर्व योजनांमध्ये सरकार जे पैसे मोजते ते नौकेच्या लाकडाचे, लोखंडाचे किंवा इंजिनाचे नसतात. ही नौका आणि तिच्याबरोबर जोडलेली मासेमारीची क्षमता पुन्हा कधीही समुद्रात उतरणार नाही, या खात्रीचे ते मोल असते. त्यामुळेच परवाना रद्द करण्याची अट असते, नौकेचा कणा, म्हणजे तळाची मुख्य उभी तुळई, तोडल्याचा पुरावा मागितला जातो आणि परदेशात विक्रीला बंदी असते. युरोपीय संघात पूर्वी नौका संघाबाहेरच्या देशात पाठवूनही अनुदान मिळत असे. २००४ च्या अखेरीस ती सवलत संपली, कारण एका समुद्रातला भार तेवढा दुसऱ्या समुद्रावर जात होता. २००२ च्या सुधारणेनंतर तेथे सार्वजनिक पैशाने काढून घेतलेली क्षमता नव्या नौकेने भरून काढता येत नाही, आणि २०२१ च्या नियमानुसार अनुदान घेणाऱ्याला पुढची पाच वर्षे कोणतीही मासेमारी नौका नोंदवता येत नाही.

योजनेची जाहिरात हाती आल्यावर सर्वांत आधी एकच प्रश्न विचारावा : ही योजना परवाना विकत घेणारी आहे, की नौका मोडायला लावणारी? दोन्ही प्रकार अस्तित्वात आहेत. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर १९९६ मध्ये सामन मासेमारीचे परवाने सरकारने परत घेतले, पण नौका मालकांकडेच राहिल्या. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर २००३ मध्ये तळाशी राहणाऱ्या माशांच्या ताफ्यातून ९१ नौका बाहेर काढल्या गेल्या. तेथे सांगाडा मोडण्याची सक्ती नव्हती, मात्र त्या नौकांचा मासेमारीचा हक्क कायमचा संपला. आपली योजना यांपैकी कोणती, यावर खर्च, मुदत आणि हाती उरणारी रक्कम हे सगळे अवलंबून आहे. पुढचे विवेचन मुख्यतः नौका मोडण्याची अट असलेल्या योजनांसाठी आहे.

पहिली पायरी : पात्रता सिद्ध करणारी कागदपत्रे

जवळजवळ प्रत्येक योजनेत नौका प्रत्यक्ष मासेमारी करत होती हे सिद्ध करावे लागते. युरोपीय संघाच्या सध्याच्या नियमात, अर्जाच्या आधीच्या दोन कॅलेंडर वर्षांत दर वर्षी किमान ९० दिवस नौका समुद्रात असली पाहिजे. या अटीमागे अनुभव आहे. सुरुवातीच्या योजनांत सर्वांत आधी अर्ज आले ते वर्षानुवर्षे धक्क्याला बांधून ठेवलेल्या नौकांचे. सरकारचे पैसे खर्च झाले, पण समुद्रावरचा भार काही कमी झाला नाही.

म्हणून दिवसांचा हिशेब स्वतः आधी मांडावा. प्रत्येक फेरीची निघण्याची आणि परतण्याची तारीख, पकडीची नोंदवही, मासळी उतरवल्याची घोषणा, विक्रीच्या पावत्या, डिझेलची बिले आणि उपग्रहाद्वारे होणाऱ्या मागोव्याची नोंद एका तक्त्यात शेजारी शेजारी लिहावी. एकाच फेरीच्या तारखा दोन कागदांत जुळत नसतील, तर त्या अधिकाऱ्याने दाखवून देण्याआधी आपणच शोधून, लेखी खुलाशासह अर्जाला जोडाव्यात. दुरुस्तीसाठी नौका वर ओढलेली होती असे दिवस मोजले जातात की नाही, हे लेखी विचारून घ्यावे. तोंडी उत्तरावर विसंबू नये.

मालकीच्या कागदांना तेवढाच वेळ द्यावा. मासेमारी नौका बहुतेक वेळा हिश्शांत विभागलेली असते. एखादा सहमालक वारला असेल आणि त्याच्या वारसांची नावे नोंदणीत चढलेली नसतील, तर ते काम अर्जाच्या आधी सुरू करावे, कारण त्याला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो. नौका तारण असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेची लेखी संमती लागते. तारण असलेली वस्तू नष्ट होणार असल्यामुळे ती संस्था अनुदानातून आधी आपली रक्कम मागणार, हे गृहीत धरूनच गणित मांडावे.

मोजमापांकडेही बारकाईने पाहावे. लांबी, टनभार आणि इंजिनची शक्ती या तीन गोष्टी नोंदणी दाखला, मासेमारी परवाना आणि प्रत्यक्ष नौका या तिन्ही ठिकाणी सारख्या असल्या पाहिजेत. पूर्वी कधी इंजिन बदलले असेल आणि नव्या इंजिनची पट्टी काही वेगळेच किलोवॅट सांगत असेल, तर ती तफावत तपासणीच्या दिवशी उघडकीस येते. टनभाराबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. नोंदणीतला सकल टनभार म्हणजे नौकेचे वजन नव्हे. १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार तो नौकेच्या बंदिस्त जागेच्या घनफळावरून काढलेला अंक असतो. अनुदान या अंकावर ठरते आणि भंगाराचा भाव प्रत्यक्ष वजनावर. कागदावर १०० टनांची नौका म्हणजे भंगारतळावर १०० टन लोखंड, असे समजून कोणाशीही सौदा करू नये.

दुसरी पायरी : अर्ज, दर आणि बोली

रक्कम ठरवण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत टनभार, वय किंवा दोन्हींच्या आधारे दराचा तक्ता ठरलेला असतो. येथे मालकाने फक्त आपले अंक बरोबर आहेत याची खात्री करायची असते. दुसरी पद्धत बोलीची. मालक स्वतः सांगतो की एवढ्या रकमेला मी बाहेर पडायला तयार आहे, आणि सरकार कमीत कमी पैशांत जास्तीत जास्त क्षमता काढून घेण्याचा प्रयत्न करते.

ब्रिटनमध्ये नौकेची क्षमता मोजण्यासाठी एक सूत्र वापरले जाते : मीटरमधील एकूण लांबी गुणिले रुंदी, अधिक इंजिनच्या किलोवॅटची ०.४५ पट. २० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३०० किलोवॅटचे इंजिन असलेली नौका घेतली, तर १२० अधिक १३५ म्हणजे २५५ एकके होतात. १९९० च्या दशकातील तेथील योजनांत बोलीची रक्कम अशा एककांनी भागून, दर एककामागे सर्वांत स्वस्त पडणाऱ्या नौका आधी निवडल्या गेल्या. अमेरिकेच्या २००३ मधील योजनेत बोलीची तुलना त्या नौकेने मिळवलेल्या मासळीच्या मूल्याशी केली गेली; म्हणजे भरपूर कमावणाऱ्या नौकेची मोठी बोलीही तेथे स्पर्धेत टिकू शकत होती. आपली नौका नेमक्या कोणत्या मापाने तोलली जाणार हे कळल्याशिवाय बोली लिहू नये.

बोलीचा तळ ठरवताना मी पुढील गोष्टी वजा करून पाहण्याचा आग्रह धरतो : थकीत कर्ज, बंदराची देणी, खलाशांना द्यायची रक्कम, नौका भंगारतळापर्यंत नेण्याचा खर्च, घातक पदार्थ काढण्याचा खर्च, मोडण्याचा खर्च आणि कर. यातील शेवटचे चार आकडे मालक अनेकदा अंदाजाने लिहितात आणि तेथेच फसतात. नौका मोडण्याचा खर्च बहुतेक योजनांत अनुदानातूनच भागवायचा असतो. लोखंडी नौकेत भंगाराच्या किमतीने तो बराच भरून निघतो, लाकडी नौकेत थोडाच, आणि फायबरच्या नौकेत जवळपास काहीच नाही. म्हणून बोली भरण्याआधी किमान दोन भंगारतळांकडून लेखी दरपत्रक घ्यावे आणि त्यात अॅस्बेस्टॉस (उष्णता रोखण्यासाठी वापरलेले घातक तंतुमय खनिज), तेलमिश्रित पाणी आणि जुना रंग यांचा उल्लेख आहे की नाही हे पाहावे. कराच्या बाबतीत, मिळणारी रक्कम परवान्यापोटी किती आणि सांगाड्यापोटी किती अशी विभागली जाते का, हे कर सल्लागाराला अर्जाआधीच विचारावे. रक्कम खात्यात जमा झाल्यावर ती विभागणी बदलणे अवघड असते.

तिसरी पायरी : मंजुरीपत्र येईपर्यंतचा काळ

या काळात नौका जशी आहे तशीच ठेवायची असते. मंजुरीपत्र हातात पडेपर्यंत तिच्यावरील एकही नट सैल करू नये. अधिकारी तपासणीला येतात तेव्हा त्यांना मासेमारीला योग्य अशी नौका दिसावी लागते. विंच (जाळे ओढण्याचे यंत्र) काढलेली, केबिन रिकामी केलेली नौका दिसली की ती आधीच बंद होती की काय, अशी शंका येते.

विमा तर शेवटपर्यंत चालू ठेवावा. धक्क्याला बांधून ठेवलेली, जिच्याकडे कोणी रोज फिरकत नाही अशी जुनी नौका बुडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. तळातून पाझरणारे पाणी उपसणारा पंप बॅटरी उतरल्यामुळे थांबतो, आणि एका वादळी रात्रीत नौका तळाला जाते. त्यानंतर ती वर काढण्याचा आणि सांडलेले तेल साफ करण्याचा खर्च मालकावर येतो. मंजुरी आणि मोडणे यांच्या दरम्यान नौका गमावली तर विम्याची भरपाई अनुदानातून वजा करण्याची तरतूद युरोपीय नियमांत होती. आपल्या योजनेत अशा प्रसंगी काय होते ते आधी वाचून ठेवावे. शेवटच्या प्रवासासाठी, म्हणजे भंगारतळापर्यंत ओढून नेण्यासाठी, विमा कंपनीची वेगळी संमती घ्यावी लागते.

खलाशांचा हिशेब

नौका मालकाची असते, पण तिच्यावर पोट अवलंबून असणारी माणसे पाच-सात असतात. पकडीतील हिश्शावर काम करणाऱ्या खलाशाला कायद्याच्या भाषेत अनेकदा कामगार मानले जात नाही, त्यामुळे नोकरी गेल्याची भरपाईही मिळत नाही. अनेक जुन्या योजनांत सगळे पैसे मालकाकडे गेले, आणि पंधरा-वीस वर्षे त्याच डेकवर उभे राहिलेले लोक रिकाम्या हाताने घरी परतले. हा अन्याय आहे, आणि योजना आखणाऱ्यांनी तो उशिरा का होईना ओळखला. युरोपीय संघात आता, बंद होणाऱ्या नौकेवर आधीच्या दोन वर्षांत दर वर्षी किमान ९० दिवस समुद्रात काम केलेल्या खलाशालाही स्वतंत्र मदत देता येते.

यासाठी खलाशाकडे पुरावा हवा, आणि तो पुरावा मालकाच्या आणि तांडेलाच्या, म्हणजे नौकेवरच्या प्रमुखाच्या, ताब्यात असतो. म्हणून अर्ज करायचे ठरले की प्रत्येक खलाशाला त्याच्या फेऱ्यांच्या तारखा आणि हिश्शाच्या रकमा सहीनिशी लिहून द्याव्यात. योजनेत खलाशांसाठी काही तरतूद नसेल, तर मालकाने आपल्या रकमेतून किती द्यायचे हे बोली भरण्याआधीच ठरवावे आणि सांगावे. नौका मोडली जाणार ही बातमी त्यांना बंदरावर तिसऱ्याच माणसाकडून कळावी, असे होऊ देऊ नये.

चौथी पायरी : मोडण्याआधी नौकेची नोंद

ही पायरी कोणत्याही अर्जात लिहिलेली नसते, तरीही ती वगळू नये असे मला मनापासून वाटते. १९९० च्या दशकात ब्रिटनच्या किनाऱ्यांवर ओक आणि लार्चच्या लाकडाच्या, सुस्थितीतल्या अनेक नौका योजनांच्या अटींपायी मोडल्या गेल्या. त्या घडवणाऱ्या कारागिरांपैकी अनेकांनी कधी नकाशे काढले नव्हते; आकार त्यांच्या नजरेत आणि साच्यांत होता. नौका गेली, आणि तो आकारही गेला. पुढे युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमात पारंपरिक लाकडी नौका न मोडता, किनाऱ्यावर वारसा म्हणून जपण्याची मुभा आली, आणि २०२१ च्या नियमात नौका मासेमारीखेरीज इतर कामासाठी बदलून घेण्याचा पर्यायही आहे. आपली नौका लाकडी आणि जुनी असेल, तर तिला घ्यायला एखादे संग्रहालय किंवा संस्था तयार आहे का, हे अर्जापूर्वीच विचारावे. मंजुरीनंतर अटी बदलता येत नाहीत. मात्र जपणे म्हणजे दर वर्षी रंग, फटींची भरणी आणि छप्पर यांचा खर्च, हे घेणाऱ्याने लेखी मान्य केले पाहिजे. तसे नसेल तर नौका उघड्यावर कुजते, आणि दहा वर्षांनी दुसऱ्याच कोणाच्या तरी खर्चाने मोडावी लागते.

मोडणे अटळ असेल, तर दोन दिवस काढून तिची नोंद करावी. नौका वर ओढलेली असताना नाळेपासून मागच्या टोकापर्यंत सारख्या अंतरावर आडवे छेद मोजावेत, फासळ्यांमधील अंतर लिहावे, फळ्यांची जाडी आणि सांधे यांची जवळून छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक छायाचित्रात मोजपट्टी ठेवावी. मुख्य आडव्या तुळईवर कोरलेला नोंदणी क्रमांक अनेक नौकांत रंगाच्या सात-आठ थरांखाली बुजलेला असतो. खरवडून तो उघडा केला तर छायाचित्रासाठीही उपयोगी पडतो आणि पुढे ओळखीचा पुरावा म्हणूनही. तांडेलाला केबिनमध्ये त्याच्या नेहमीच्या जागी उभे करून, कोणती वस्तू कशासाठी आणि कधी बसवली हे विचारावे आणि ध्वनिमुद्रित करावे. ज्या कडेवरून जाळे वर्षानुवर्षे ओढले गेले, तेथील लाकूड गुळगुळीत झिजून खोलगट झालेले असते. कोणत्या हंगामात, कोणते जाळे, किती माणसांनी तेथून ओढले, हे सांगणारा माणूस आज समोर आहे.

पाचवी पायरी : नौका रिकामी आणि निर्धोक करणे

सर्वांत जास्त वेळ, पैसा आणि लक्ष या पायरीला द्यावे लागते. मोठ्या जहाजांच्या भंगारासाठीचा हाँगकाँग करार २००९ मध्ये झाला आणि २६ जून २०२५ पासून अमलात आला. पण तो ५०० सकल टनांपासून पुढच्या जहाजांना लागू आहे. बहुतेक मासेमारी नौका त्याहून बऱ्याच लहान असतात. त्यामुळे त्यांच्यावरील घातक पदार्थांची यादी करण्याची आंतरराष्ट्रीय सक्ती नसते आणि प्रकरण त्या त्या देशाच्या सामान्य कचरा कायद्याखाली येते. सक्ती नसली तरी यादी करावीच, कारण धोका टनभार पाहून कमी होत नाही.

आधी संकटसूचक साधने उतरवावीत. उपग्रहाला संदेश पाठवणारा आपत्कालीन बीकन पाण्याने आपोआप चालू होतो. चौकटीतून काढून भंगाराच्या ढिगावर टाकलेला बीकन पावसातही जागा होतो, आणि बुडणाऱ्या नौकेच्या शोधासाठी बचावपथक भंगारतळाच्या दारात येऊन पोहोचते. म्हणून तो काढल्यावर बॅटरी वेगळी करावी आणि त्याची नोंदणी रद्द करावी. मुदत संपलेल्या संकटज्योती ही स्फोटके आहेत. त्या कचऱ्यात किंवा समुद्रात टाकू नयेत, त्यांचा स्वीकार करणाऱ्या अधिकृत ठिकाणीच द्याव्यात. फुगणाऱ्या तराफ्यात दाबाखालील वायूचे नळकांडे असते. मागोवा यंत्र मात्र आधी लेखी कळवून मगच बंद करावे, नाहीतर ते बंद पडणे हाच गुन्हा ठरू शकतो.

नंतर द्रव पदार्थ. डिझेल, वंगणतेल, विंचच्या नळ्यांतील हायड्रॉलिक तेल आणि तळात साचलेले तेलकट पाणी हे वेगवेगळ्या पिंपांत काढावे. हायड्रॉलिक नळ्या शेकडो फूट लांब असतात, आणि त्यांतील तेल कापताना एकदम बाहेर येते. शीतकरण यंत्रणेतील वायू प्रशिक्षित माणसानेच काढून घ्यावा. जुन्या यंत्रणांत ओझोनच्या थराला हानी करणारे वायू असतात, काही नौकांत विषारी अमोनिया असतो.

मग अॅस्बेस्टॉस. इंजिनच्या धूर नळीभोवती गुंडाळलेले आवरण, इंजिनखोलीतील जुने सपाट फलक, गॅस्केट आणि विंचच्या ब्रेकचे अस्तर, या चार जागा आधी तपासाव्यात. संशयित तुकड्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा, आणि उत्तर येईपर्यंत त्या खोलीत काहीही ओढू किंवा घासू नये. तळाचा रंगही साधा नसतो. सागरी जीव चिकटू नयेत म्हणून पूर्वी वापरल्या जाणाऱ्या ट्रायब्युटिल टिनच्या रंगाने फ्रान्सच्या आर्काशों उपसागरातील कालवांची पैदास कोसळली आणि तेथे १९८२ मध्ये लहान नौकांवर त्याला बंदी आली. २००१ चा आंतरराष्ट्रीय करार २००८ मध्ये अमलात आला, पण जुन्या नौकांच्या तळावर वरच्या थरांखाली तो रंग अजूनही सापडू शकतो. शिशाचा लाल रंग, शिशाच्या बॅटऱ्या, पाऱ्याचे स्विच आणि डांबर-क्रिओसोट लावलेले लाकूड हे सगळे यादीत आले पाहिजे.

मासळीच्या खणात आणि टाक्यांत उतरण्याबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. बंद लोखंडी टाकीत गंज चढताना हवेतील ऑक्सिजन वापरला जातो. तळात कुजलेली मासळी आणि सांडपाणी असेल तर हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. त्याचा वास सुरुवातीला कुजक्या अंड्यासारखा येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे धोका गेला असे समजून माणूस खाली उतरतो, कोसळतो, आणि त्याला काढायला दुसरा उतरतो. अशा अपघातांत एकामागून एक माणसे गेली आहेत. हवेत साधारण २०.९ टक्के ऑक्सिजन असतो; तो १९.५ टक्क्यांहून खाली असेल तर कोणीही आत जाऊ नये. झाकणे उघडून पंख्याने हवा खेळवावी, वायुमापकाने वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन पातळ्यांवर तपासणी करावी, आणि वर एक माणूस दोरासह उभा असल्याशिवाय काम सुरू करू नये. आत कोणी कोसळलाच, तर श्वसनयंत्राशिवाय त्याच्यामागे उतरू नये.

सहावी पायरी : प्रत्यक्ष मोडणे

भंगारतळ निवडताना जमीन पाहावी. पक्का, न झिरपणारा तळ, सांडपाणी अडवणारी गटारे आणि तेल वेगळे करणारी टाकी तेथे असली पाहिजे. भरतीच्या रेषेवर वाळूत नौका मोडणे स्वस्त वाटते, पण पहिल्याच भरतीला रंगाचे कपचे, खिळे आणि तेल समुद्रात जाते, आणि त्याची जबाबदारी मालकावर येते. समुद्रात नेऊन बुडवणे हा उपाय नव्हे. १९७२ चा लंडन करार आणि त्याचा १९९६ चा प्रोटोकॉल यांनुसार त्याला परवानगी लागते, आणि कृत्रिम प्रवाळभित्तीसाठी लाकडी नौका तर मुळीच योग्य नसते.

लाकडी नौकेत आधी डोलकाठी, विंच आणि केबिन उतरवतात, मग इंजिन, शाफ्ट आणि पंखा काढतात, आणि शेवटी यंत्राचा पंजा एका कुशीपासून सुरुवात करतो. पहिल्या दाबाला फळ्या वाकतात, मोडत नाहीत. चांगल्या बांधणीची नौका बराच वेळ दाद देत नाही, आणि मग एका फासळीचा सांधा सुटला की पूर्ण कूस एकदम आत येते. म्हणून माणसांनी नौकेच्या उंचीच्या दुपटीहून अधिक अंतरावर उभे राहावे. तळाशी वजन म्हणून ओतलेले काँक्रीट किंवा शिशाचे ठोकळे आधी काढले नसतील, तर तुकडे उचलताना अंदाज चुकतो. रंग आणि डांबर लागलेले लाकूड जाळू नये, कोणाला सरपणासाठी देऊही नये. त्याच्या धुरात शिसे असते. तांब्याचे रिव्हेट आणि पितळी-कांस्य भाग वेगळे काढले तर चांगली किंमत येते.

लोखंडी नौकेत गॅस कटरचा धोका मुख्य आहे. मासळीच्या खणाच्या भिंतींत पॉलियुरेथेनचा फोम असतो. बाहेरच्या बाजूने पत्रा कापताना आतला फोम न दिसता पेटतो आणि हायड्रोजन सायनाइड असलेला काळा धूर सोडतो. कापण्याच्या रेषेच्या दोन्ही बाजूंचा फोम आणि रंग आधी काढून टाकावा, पाण्याची भरलेली नळी हाताशी ठेवावी, आणि काम थांबल्यावर किमान तासभर एका माणसाने तेथेच पहारा द्यावा. रिकाम्या डिझेल टाकीला वायुमुक्त असल्याचा दाखला मिळाल्याशिवाय ज्योत लावू नये. भरलेल्या टाकीपेक्षा इंधनाच्या वाफेने भरलेली रिकामी टाकी जास्त धोकादायक असते.

फायबरची नौका कापणे सोपे, पण तिचे पुढे काय करायचे हा प्रश्न अजून समाधानकारक सुटलेला नाही. काचतंतू आणि रेझिन एकमेकांपासून सहज वेगळे होत नाहीत. काही ठिकाणी तुकडे सिमेंटच्या भट्टीत वापरले जातात. इतरत्र ते भरावभूमीत जातात. कापताना पाणी मारत राहावे, कामगारांना योग्य मुखपट्टी आणि पूर्ण अंग झाकणारे कपडे द्यावेत.

इंजिन विकता येते का, हे योजनेवर अवलंबून आहे. किलोवॅट हेही मासेमारी क्षमतेचे माप असल्यामुळे काही योजना इंजिनही निकामी करायला लावतात. लेखी परवानगी नसेल तर ते बाजूला ठेवू नये.

सातवी पायरी : पुरावा, नोंदणी रद्द करणे आणि रक्कम

कणा तोडला जाईल तेव्हा अधिकारी हजर राहणार आहेत का, हे किमान आठवडाभर आधी लेखी ठरवावे. ते येणार असोत वा नसोत, तारखेसह छायाचित्रे आपण घ्यावीतच : नाव आणि क्रमांक स्पष्ट दिसणारी पूर्ण नौका, त्याच जागेवरून मोडताना, त्याच जागेवरून मोकळी जमीन, आणि कोरलेला क्रमांक असलेला तुकडा तोडलेल्या अवस्थेत. एकाच जागेवरून घेतलेली तीन छायाचित्रे पन्नास विस्कळीत छायाचित्रांपेक्षा अधिक काम करतात. भंगारतळाकडून विध्वंसाचा दाखला, आणि अॅस्बेस्टॉस, तेल व बॅटऱ्या कोठे गेल्या याच्या पावत्या मागून घ्याव्यात.

यानंतर मासेमारी परवाना, नौकेची नोंदणी, रेडिओ परवाना आणि सागरी ओळख क्रमांक रद्द करण्याचे अर्ज द्यावेत. नौकेला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा क्रमांक असेल तर तो दुसऱ्या नौकेला कधीच मिळत नाही. त्याच्यापुढे मोडल्याची नोंद झाली का, हे तपासावे, कारण मेलेल्या नौकेची ओळख वापरून बेकायदा मासेमारी करणारे असतात. विमा आणि बंदरातील जागा सर्वांत शेवटी, विध्वंसाचा दाखला हाती आल्यावर सोडावी.

रक्कम जमा झाल्यावर आधी तारण मोकळे केल्याचे पत्र घ्यावे, मग खलाशांची ठरलेली रक्कम पावतीवर द्यावी, आणि कराचा अंदाजे हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवावा. पुन्हा नौका न नोंदवण्याची अट जितक्या वर्षांची असेल तितकी वर्षे मंजुरीपत्र, छायाचित्रे, दाखले आणि पावत्या एकाच फाइलमध्ये जपाव्यात. या मुदतीत दुसऱ्याच्या नौकेत हिस्सा घेण्याचा विचार आला, तर तो अटीचा भंग ठरतो का हे आधी लेखी विचारून घ्यावे, कारण भंग झाला तर अनुदान व्याजासह परत मागितले जाऊ शकते. फाइलची एक प्रत प्रत्येक सहमालकाकडे आणि एक कर सल्लागाराकडे राहू द्यावी.